को-ब्रदरमधला हायफन

वसईजवळच्या उमेळ्यात वॉल्टर सर समोरून येताना दिसले की माणसं घाईघाईने मराठीत शिरतात. एरवी एकमेकांना 'हाय ब्रो' करणारी नव्या इमारतींतली पोरंही सरांना पाहिलं की 'कसं काय सर, बरं ना?' एवढ्यावर भागवतात. मराठीत चूक झाली तर सर सोडून देतात. इंग्रजीत झाली तर तिथेच भर रस्त्यात, मागे रिक्षावाला हॉर्न मारत असला तरी, तुमचं वाक्य उभं करून ते कुठे गळतंय ते दाखवतात.

वॉल्टर तुस्कानो शाळेतून निवृत्त झाले, पण इंग्रजी व्याकरणातून त्यांना कोणी निवृत्त केलं नाही. त्यांच्या फाटकावर पाटी आहे. वर इंग्रजीत 'डाउट्स क्लिअर्ड हिअर'. खाली मराठीत 'इंग्रजीच्या शंका संध्याकाळी विचाराव्यात. चपला बाहेर.' गावातल्या केळीच्या वाड्या जाऊन तिथे इमारती आल्या, तसे शंकांचेही मजले वाढत गेले. पूर्वी गावकरी लग्नपत्रिका तपासायला आणायचे. आता ऑफिसातून दमून आलेली माणसं मोबाइल पुढे करून ओट्यावर बसतात.

"सर, इथे 'सिन्स' येणार की 'फॉर'?"

"कधीपासून ते सांगायचंय की किती काळ ते?"

"दोन वर्षं प्रमोशन नाही, असं बॉसला सांगायचंय."

"मग 'फॉर टू इयर्स'. आणि व्याकरण इतकं चोख ठेव, की रागवायला त्याला प्रमोशनशिवाय दुसरं कारण सापडू नये."

'रिव्हर्ट बॅक' लिहिणाऱ्याला सर म्हणायचे, "रिव्हर्ट म्हणजेच मागे जाणं. त्याला आणखी बॅक लावलास तर माणूस भिंतीवर आदळेल." समोरच्या इमारतीतली अश्लेषा म्हणजे सगळ्यांत नेमाची. माहेर कोल्हापूरकडचं, नोकरी अंधेरीला आणि भीती 'डिस्कस अबाउट'ची. तिला सर म्हणाले, "मेथी निवडताना मुळं ठेवतेस का? मग 'डिस्कस'च्या मागचं 'अबाउट' खुडायला हात का जड होतो?"

एवढ्या सगळ्या राज्यात बंडखोर एकच होता. केनी मच्याडो, सरांचा साडू.

मेरी आणि जॉयस या दोघी सख्ख्या बहिणी. थोरली मेरी केनीला दिली, धाकटी जॉयस सरांना. दोन्ही घरं हाकेच्या अंतरावर, आणि हाक बहुतेक वेळा केनीचीच असायची. केनी वाडीवाला माणूस. सोनचाफा, केळी, थोडं अळू. इंग्रजी त्याला लागायचं ते फक्त माणसांची ओळख करून देताना. आणि ओळख करून देण्याची त्याला भारी हौस. वाडीच्या कोपऱ्यावर, क्रूसाशेजारी भेंडीचं डेरेदार झाड आहे. त्याच्याखाली पडलेल्या ताडाच्या खोडावर दोघे रोज संध्याकाळी बसत. रस्त्याने कोणी जरा शर्ट खोचलेला दिसला की केनी त्याला थांबवायचा आणि सरांच्या खांद्यावर हात टाकून म्हणायचा, "धिस इज वॉल्टर सर. माय को-ब्रदर."

सरांच्या कपाळावर आठी.

"केनी, इंग्रजीत असा शब्द नाही."

"मग मी आत्ता काय बोललो?"

"चूक बोललास. ब्रदर-इन-लॉ म्हण."

"इन-लॉ म्हणजे?"

"कायद्याने."

"तुला कोणत्या कोर्टाने माझ्याकडे पाठवला? तू तर जॉयसच्या मागोमाग आलास!" केनी मांडीवर थाप मारायचा. "आणि ब्रदर-इन-लॉ तर मेरीचा भाऊ पण. तो दरेक लग्नात माझी खुर्ची पळवतो. त्याला आणि तुला एकच शब्द? तुझ्या इंग्रजांकडे पाहुणे येत नाहीत काय रे?"

"भाषेचे नियम असतात, केनी."

"नियमानेच बोलतो. विमानात पायलट असतो, को-पायलट असतो. को म्हणजे जोडीला. तसे आपण को-ब्रदर."

"मग पायलट कोण?"

"त्या दोघी. आपण नुसते पट्टा बांधून बसलेले."

यावर सरांना हसू यायचं, आणि शिक्षकाला हसू आलं की तास संपतो. पण दुसऱ्या दिवशी तोच धडा पुन्हा. केनीने सरांची ओळख नगरसेवकाला 'को-ब्रदर' म्हणून करून दिली, बँकेच्या मॅनेजरला करून दिली, गावात आलेल्या बिशपांनाही करून दिली. बिशप हसून 'ओ, व्हेरी गुड' म्हणाले. तो केनीने निकाल समजला. "बघ, बिशप पास झाले. तू एकटा नापास."

गेल्या वर्षी केनी गेला. सकाळी सोनचाफा खुडून आला, टोपली ओट्यावर ठेवली, मेरीला चहा टाकायला सांगितलं आणि चहा येईपर्यंत थांबला नाही. चहासाठी न थांबण्याची त्याची जन्मातली ती पहिलीच वेळ. त्यानंतर सर संध्याकाळी त्या खोडावर एकटेच बसू लागले. रस्त्याने शर्ट खोचलेली माणसं जात राहिली, पण त्यांना कोणी थांबवलं नाही.

केनीचा मुलगा ॲलिस्टर कॅनडात असतो. चर्चमधल्या वर्षाच्या मिस्साला तो बायकोमुलीसह येणार होता. ताडाचं खोड वाळवीने खाल्लेलं, तर त्या जागी पप्पांच्या आठवणीसाठी सागवानी बाक ठेवायचा आणि पाठीला पितळी पाटी लावायची, असं त्याच्या मनात आलं. तिकडच्या बागांतून तसे बाक असतात. पाटीचा इंग्रजी मजकूर त्याने सरांच्या मोबाइलवर पाठवला. गावातलं कुठलंही इंग्रजी सरांच्या नजरेखालून गेल्याशिवाय भिंतीवर चढत नाही. मजकुराचा अर्थ असा: 'केनी मच्याडो यांच्या प्रेमळ स्मृतीस, पत्नी मेरी, मुलगा ॲलिस्टर, सून, नात आणि ब्रदर-इन-लॉ वॉल्टर यांच्याकडून.'

सरांनी चष्मा पुसला आणि चूक शोधायला घेतली. स्वल्पविराम बरोबर होते, मोठी अक्षरं बरोबर होती. एवढं स्वच्छ इंग्रजी त्यांच्या हाताखालून क्वचितच गेलं होतं. तरीही सर पुन्हा वाचत राहिले.

"चूक आहे का?" जॉयसबाईंनी विचारलं.

"नाही."

"मग तोंड का असं केलंय?"

"चूक नाही म्हणूनच."

सरांनी लाल पेन काढलं, मजकूर कागदावर उतरवला आणि 'ब्रदर-इन-लॉ'भोवती लाल गोल केला. अख्ख्या आयुष्यात बरोबर शब्दाभोवती त्यांनी केलेला हा पहिला लाल गोल. समासात लिहिलं, 'को-ब्रदर'. फोटो काढला आणि कॅनडाला धाडला.

तिकडून लगेच व्हिडिओ कॉल आला.

"वॉल्टर अंकल, मस्करी करताय का?"

"मस्करी करताना मी लाल पेन वापरत नाही."

"अहो पण को-ब्रदर चूक आहे! तुम्हीच शिकवलंत. आठवीत मी निबंधात 'माय फादर्स को-ब्रदर' लिहिलं होतं. म्हणजे तुमच्याबद्दलच. तुम्ही मार्क कापलेत आणि वर्गात उभं केलंत!"

"कापलेच. आजही कापीन."

"मग?"

"परीक्षेत तू बोलत होतास. बाकावर केनी बोलणार आहे. त्याची वाक्यं मी त्याच्या हयातीत सुधारू शकलो नाही, आणि आता तो उत्तर द्यायला नाही, तर त्याच्या पाठीमागे सुधारू? ते व्हायचं नाही."

ॲलिस्टर तसा गुणी मुलगा. शांतपणे म्हणाला, "अंकल, फोटो माझ्या ऑफिसातले लोक बघतील, सासरची माणसं बघतील. हसतील ना."

"हसू दे. केनीला हसणारी माणसं आवडायची. आणि हसून झालं की त्यांना विचार, बायकोच्या बहिणीच्या नवऱ्याला तुमच्यात काय म्हणतात? दीर, मेहुणा, भावजी, साडू, सगळे एकाच पोत्यात भरायचे आणि वर ब्रदर-इन-लॉ अशी चिठ्ठी लावायची. ज्यांच्याकडे शब्द नाही, त्यांनी आमच्या शब्दाला हसायचं?"

"मग सरळ साडू लिहू या. मराठीत."

"केनीने मला जन्मात साडू म्हटलं नाही. घरात सर, रस्त्यावर को-ब्रदर."

"डिक्शनरीत नाही, अंकल!"

"डिक्शनरीत केनी मच्याडो पण नाही. मग बाक कोणासाठी बनवतोयस?"

तिकडे ॲलिस्टरने सुस्कारा सोडला. तो सुस्कारा थेट केनीचा होता, त्यामुळे सर आणखी पेटले. "ऐक. को-ब्रदर नसेल तर त्या पाटीवर माझं नावच नको. काढून टाक."

आपण असं म्हटल्यावर समोरचा विरघळेल, अशी सरांची अटकळ होती. केनी विरघळला असता. पण ॲलिस्टर कॅनडात राहून लोकांची मर्जी शब्दशः घ्यायला शिकला होता.

"ठीक आहे, अंकल. तुम्ही म्हणाल तसं."

दुसऱ्या दिवशी नवा मजकूर आला. पत्नी, मुलगा, सून, नात, पूर्णविराम. सरांनी तो तपासला. त्यात एकही चूक नव्हती आणि वॉल्टरही नव्हता.

पुढचे काही दिवस सर ओट्यावर आलेल्यांना वाकड्यात उत्तरं देत होते. 'कुड' आणि 'वुड'मधला फरक विचारायला आलेल्या एका गृहस्थांना म्हणाले, "जे करता आलं असतं आणि जे केलं असतं, त्यात आयुष्य जातं. उद्या या." गृहस्थ चपला घालून गेले.

मग मेरी आली, पदराखाली वेलची केळ्यांची फणी घेऊन.

"वॉल्टर, तुझं नाव ॲलिस्टरने काढलं म्हणे."

"मीच सांगितलं, मेरीबाय."

"आणि आता रुसून बसलास."

"मी रुसलेलो नाही. हा निषेध आहे."

"दिसायला सारखंच आहे," जॉयसबाई आतून म्हणाल्या.

मेरी ओट्यावर टेकली. "मला काय ते इंग्रजी कळत नाही. ॲलिस्टर बोलतो ते बरोबर असेल. तू शिकवलास ना त्याला. पण तो शब्द केनीने तुझ्यासाठी आणलेला. कुठून आणला देव जाणे. तो जाताना काही परत घेऊन गेला नाही." तिने फणीतलं एक केळं तोडून सरांच्या हातात दिलं. "पोराने हौसेने पाटी केलीय, तिला मी हात लावू देणार नाही. पण बाक माझ्या वाडीत आहे, आणि बाकाला लाकूड पुष्कळ आहे. पुढचं तुझं तू बघ."

सरांनी केळं खाल्लं. साल टाकायला उठले ते चपला घालूनच.

वसई रोड स्टेशनजवळ विघ्नेशचं दुकान आहे. नावाच्या पाट्या, ट्रॉफ्या, वाढदिवसाचे फ्लेक्स. विघ्नेश सरांचा विद्यार्थी, त्यामुळे सर आत आले की तो आधी टीशर्ट सारखा करतो. ॲलिस्टरची मोठी पाटी तिथेच तयार होत होती.

"मला एक छोटी पाटी हवी. त्याच पितळेची, त्याच अक्षरांत. लिही: 'अँड हिज को-ब्रदर वॉल्टर.'"

विघ्नेशने टाइप केलं आणि थबकला. "सर, कॉम्प्युटर लाल रेघ मारतोय."

सरांनी वाकून पडद्यावर पाहिलं. शब्दाखाली नागमोडी लाल रेघ. त्यांचाच रंग. "मारू दे. तिला मी ओळखतो. आमचा जुना धंदा."

"आणि सर, 'अँड'ने वाक्य सुरू करत नाहीत. तुम्हीच छडी मारली होती."

"मी वाक्य सुरू करत नाहीये. वरच्या पाटीवर जे अर्धवट सोडलंय, ते पुरं करतोय."

विघ्नेशने नमुना छापून पुढे केला. सरांची आठी परत आली. "हायफन कुठाय?"

"सर, तुम्ही म्हणता असा शब्दच नाही. मग नसलेल्या शब्दाला हायफन कशाला?"

"म्हणजे काय! चूक करायची तर नीट करायची. 'को' आणि 'ब्रदर' असे चिकटवलेस तर वाचणारा आधी कोब्रा वाचेल आणि बाकावर पाय वर घेऊन बसेल. आणि तोडून लिहिलेस तर दोघांचा काही संबंधच नाही असं वाटेल. मध्ये रेघ हवी. छोटी. डॅश नाही, हायफन."

"एवढीशी रेघ कोणाला दिसणार आहे, सर?"

"विघ्नेश, केनी कोण आणि मी कोण? त्याची जात वाडीतली, माझी फळ्यासमोरची. एरवी आमची बोलाचालीची ओळखही झाली नसती. मध्ये दोन बहिणी आल्या म्हणून जोडले गेलो. ती रेघ म्हणजे त्या दोघी आहेत. ती गाळलीस तर जॉयस तुझ्या दुकानात येईल."

जॉयसबाईंनी विघ्नेशला चौथीत गणित शिकवलं होतं. हायफन ताबडतोब उमटला.

"पण नंतर लोक म्हणतील ना, विघ्नेशने पाटी चुकवली."

"कोण म्हणेल? खाली माझं नाव आहे. चूक सहीनिशी आहे."

रविवारी मिस्सा आटोपल्यावर मंडळी भेंडीच्या झाडाखाली जमली. बाक देखणा झाला होता. ॲलिस्टरने पाटीवरचं फडकं काढलं, फादरांनी प्रार्थना म्हटली, पवित्र पाणी शिंपडलं. मेरीने पदर डोळ्यांना लावला. सगळं शांत, नीटनेटकं, निर्दोष. आता लोक चहाकडे वळणार, एवढ्यात वॉल्टर सर पुढे झाले. खिशाला जिथे लाल पेन असायचं तिथून त्यांनी स्क्रू-ड्रायव्हर काढला, दुसऱ्या खिशातून छोटी पाटी काढली आणि गुडघे कुरकुरवत बाकासमोर खाली बसले.

"अंकल, हे काय?"

"पुरवणी."

ॲलिस्टरने वाकून वाचलं. कानापर्यंत लाल झाला. "अंकल, सगळ्यांसमोर? अहो, चूक आहे ती."

"आहे."

"तरी लावताय?"

"तरी लावतोय. मार्क कापायचे तर काप. वर्गात उभं करायचं तर तेवढं करू नकोस, गुडघे आधीच गेलेत."

मागे कोणीतरी फिस्सकन हसलं. सरांनी लक्ष दिलं नाही. मोठ्या पाटीला धक्का न लावता तिच्या बरोबर खाली त्यांनी आपली पाटी धरली आणि पहिला स्क्रू पिळायला घेतला. आयुष्यभर खडू धरलेला हात तो. स्क्रू सागवानात शिरायला तयार होईना आणि शिरला तो तिरका. सर आणखी जोर लावू लागले, स्क्रू आणखी तिरका होऊ लागला. ॲलिस्टर हाताची घडी घालून बघत होता. पण काही झालं तरी केनीचा मुलगा. वाकडं इंग्रजी एक वेळ सहन होईल, वाकडा स्क्रू होत नाही.

"सरका. लाकूड चिरेल. द्या इकडे."

"हायफनला लागू देऊ नकोस."

"नाही लागत."

ॲलिस्टरने स्क्रू काढला, नव्याने सरळ बसवला, मग दुसरा. पाटी घट्ट झाल्यावर अंगठ्याने पुसली. पुसताना तो ती अक्षरं तोंडातल्या तोंडात बोलला असावा, कारण त्याचे ओठ हलले आणि मग त्याला एकदम हसू आलं, मांडीवर थाप मारायचं तेवढं राहिलं. उठता उठता म्हणाला, "आणि अंकल, तुमच्या फाटकावरचं 'डाउट्स' पण चूक आहे. तिकडे 'क्वेश्चन्स' म्हणतात."

"ठाऊक आहे. ती पाटीही राहील." सर फादरांकडे वळले. "फादर, पाणी उरलंय का? एवढी अर्धी ओळ कोरडी राहिलीय."

फादर मिस्कील होते. "आशीर्वाद वाक्याला देऊ की चुकीला, सर?"

"वेगळे करू नका, फादर. हायफन आहे मध्ये."

ॲलिस्टर परत गेला. फोटोला तिकडे कोणी हसलं की नाही, हे सरांनी विचारलं नाही. ओट्यावरचा दरबार मात्र आता बाकावर भरू लागला. एका संध्याकाळी अश्लेषा ऑफिसातून परतताना तिथे थांबली, पाटी वाचली आणि तिचा चेहरा उजळला.

"सर, म्हणजे को-ब्रदर चालतं? आमच्या मिस्टरांच्या फॉर्मवर त्यांच्या साडूंसाठी नेमकं काय लिहू, त्याच विचारात होते."

"अजिबात चालत नाही. ब्रदर-इन-लॉ लिही. दुसरं काही लिहिलंस तर लाल गोल करीन."

"अहो, मग इथे कसं?"

"ते वाचायचं. तपासायचं नाही."

अश्लेषा हसली आणि बाकावर टेकायला गेली.

"तिथे नको," सर म्हणाले. "इकडे ये माझ्या बाजूला. ती केनीची जागा आहे. हां, बोल आता. काय डाउट आहे?"